जलमनोऱ्यातले बिऱ्हाड

इ. स. १८७१ च्या डिसेंबर महिन्यात, इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉर्फोक परगण्यातल्या सँड्रिंगहॅमच्या वाड्यात, राणी व्हिक्टोरियाचा ज्येष्ठ पुत्र आणि पुढे सातवा एडवर्ड या नावाने गादीवर बसलेला युवराज विषमज्वराने अत्यवस्थ होऊन पडला होता. त्याचा पिता प्रिन्स आल्बर्ट हा बरोबर दहा वर्षांपूर्वी, १४ डिसेंबर १८६१ रोजी निवर्तला होता आणि वैद्यांनी त्या मृत्यूचे कारण विषमज्वर हेच दिले होते. त्यामुळे ती तारीख जसजशी जवळ येऊ लागली तसतसा राजकुटुंबाचाच नव्हे तर साऱ्या देशाचा धीर सुटत चालला. नेमक्या त्याच सुमारास ज्वराला उतार पडला, युवराज वाचला, आणि २७ फेब्रुवारी १८७२ रोजी लंडनच्या सेंट पॉल देवालयात मोठ्या समारंभाने आभारप्रार्थना झाली. परंतु स्कारबरो गावच्या ज्या बंगल्यात तो त्यापूर्वी पाहुणा म्हणून उतरला होता आणि ज्याच्या सदोष मोऱ्यांवर या आजाराचा ठपका आला, त्याच बंगल्यात उतरलेले चेस्टरफील्डचे अर्ल आणि युवराजाच्या पागेतला एक मोतद्दार हे दोघे मात्र याच ज्वराने दगावले. उमराव, मोतद्दार आणि भावी राजा या तिघांत रोगाने कसलाही भेद केला नाही, ही गोष्ट तेथील वरिष्ठ वर्गाच्या मनावर जितकी ठसली, तितकी आरोग्यखात्याची कित्येक वर्षांची प्रतिवृत्ते ठसली नव्हती.

सँड्रिंगहॅमची ही मिळकत युवराजासाठी १८६२ साली खरेदी करण्यात आली होती. तिला शुद्ध पाणी पुरविण्याची जी योजना पुढे आखली गेली, तिचा सर्वांत ठळक अवशेष म्हणजे ॲपलटन येथला विटांचा जलमनोरा होय. त्याची कोनशिला युवराज्ञी अलेक्झांड्रा हिने १८७७ च्या जुलै महिन्यात बसविली आणि त्याचा आराखडा रॉबर्ट रॉलिन्सन या स्थापत्यविशारदाने केला. या गृहस्थाची थोडी ओळख करून घेणे अवश्य आहे, कारण त्याच्या चरित्रात एकोणिसाव्या शतकातील पाण्याचा सारा प्रश्न सामावलेला आहे. क्रिमियाच्या युद्धात गोळीपेक्षा रोगानेच अधिक शिपाई मरू लागले, तेव्हा १८५५ साली जे आरोग्यमंडळ तातडीने पाठविण्यात आले त्यात रॉलिन्सन होता. स्कुटारीच्या लष्करी इस्पितळांखालच्या तुंबलेल्या मोऱ्या उपसून काढणे, खोल्यांत वारा खेळता करणे, पाण्याचे मार्ग निर्मळ करणे ही या मंडळाने केलेली कामे होती आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी या मंडळाचे उपकार पुढे मनःपूर्वक मानले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर कापसाची आयात आटली आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हा बेकार गिरणीकामगारांना गटारे, रस्ते आणि उद्याने यांच्या बांधकामावर लावून त्यांचा चरितार्थ चालविण्याच्या सरकारी योजनेवर देखरेख ठेवण्यासाठी हाच मनुष्य नेमला गेला. त्याच कापूसटंचाईने त्या वर्षांत मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर आणला होता. तेव्हा रॉलिन्सनच्या हाताखाली मोऱ्या खणणारा लँकेशायरचा विणकर आणि कापसाच्या भावावर गबर झालेला मुंबईचा सटोडिया हे एकाच घटनेच्या दोन टोकांवर उभे होते असे म्हटले तर वावगे होणार नाही.

आता, पाणी पुरवायचे तर ते विहिरीतून वा झऱ्यातून नळाने न्यावे, त्यासाठी एवढा मनोरा उभारण्याचे कारण काय, असा प्रश्न महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे, कारण आपला मुलूख डोंगरांचा आहे आणि डोंगर हाच आपला जलमनोरा आहे. पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी पुण्यात आणले ते केवळ उताराच्या बळावर. मुंबईतही इंग्रजांनी मलबार टेकडीच्या माथ्यावर जलाशय बांधला, त्यावर बगीचा केला आणि टेकडीच्या उंचीलाच नळातील दाबाचे काम सांगितले. नॉर्फोक, सफोक, एसेक्स हे परगणे मात्र सपाट आहेत. तेथे निसर्गाने जी उंची दिली नाही ती मनुष्याला विटांनी निर्माण करावी लागली. तेहतीस-चौतीस फूट उंचीचा पाण्याचा स्तंभ आपल्या तळाशी एका वातावरणाइतका दाब उत्पन्न करतो. नळ बारीक असो वा रुंद, या दाबात फरक पडत नाही, तो केवळ उंचीवर अवलंबून असतो. पंपाने पाणी थेट नळात ढकलले, तर सकाळी सर्व घरांत एकदम तोट्या सुटल्यावर दाब कोसळतो, आणि पंपाच्या प्रत्येक ठोक्यासरशी नळांना हिसके बसतात ते निराळेच. याउलट पंपाने दिवसरात्र आपल्या संथ गतीने उंच टाकी भरीत राहावे आणि गावाने आपल्या गरजेप्रमाणे ती रिकामी करीत जावे, अशी तजवीज केली म्हणजे यंत्र लहान लागते, कोळसा कमी जळतो, आणि मध्यरात्री आग लागली तरी पाणी हाताशी असते. जलमनोरा हा अशा रीतीने पाण्याचा खजिना आहे, आणि त्याहूनही अधिक, तो उंचीच्या रूपाने साठविलेल्या श्रमाचा खजिना आहे.

ॲपलटनचा मनोरा दुरून पाहिला तर एखाद्या छोट्या गढीचा बुरूज वाटावा असा आहे. वेगवेगळ्या रंगांच्या विटांचे पट्टे योजून त्याच्या भिंतींना शोभा आणलेली आहे, आणि माथ्यावर बिडाची टाकी, तिच्याभोवती कठडा, अशी त्याची एकंदर ठेवण आहे. परंतु त्याचे खरे वैशिष्ट्य आतमध्ये आहे. बहुतेक जलमनोऱ्यांत टाकीखालची जागा ही केवळ नळ आणि शिडी यांच्यापुरती मोकळी सोडलेली असते. रॉलिन्सनने मात्र तळमजला आणि पहिला मजला हे मनोऱ्याच्या रखवालदाराचे घर म्हणून योजिले, त्यावरच्या मजल्यावरची खोली राजकुटुंबाने शिकारीच्या वा वनभोजनाच्या निमित्ताने येऊन भोवतालचा मुलूख न्याहाळावा म्हणून राखून ठेवली, आणि या सर्वांच्या डोक्यावर ३२,००० गॅलनांची टाकी ठेवली. म्हणजे या इमारतीचे घरात रूपांतर पुढे कोणी करण्यापूर्वीच तिच्या जन्मदात्याने तिला घराचे रूप दिलेले होते, आणि एका छपराखाली एक नोकर, एक राजा आणि एका इस्टेटीचे पाणी यांची सोय लावलेली होती.

याहूनही मला जी गोष्ट विशेष मनोज्ञ वाटते ती धुराड्यांची. इंग्लंडच्या हिवाळ्यात उघड्यावरचे पाणी गोठते, आणि पाणी गोठताना फुगते. त्याचे आकारमान सुमारे एक-अकरांशाने वाढते. बीड हा धातू दाबाला मोठा खंबीर पण ताणाला कच्चा असल्यामुळे, आतून फुगणाऱ्या बर्फापुढे त्याचे पत्रे तडकण्याचे भय असते. अशा टाक्या त्या काळी बिडाचे चौकोनी पत्रे बोल्टांनी जोडून करीत, आणि त्यांच्या सांध्यांत लोखंडाचा कीस, नवसागर आणि गंधक यांचे ओलसर मिश्रण ठोकून बसवीत. ते गंजत गंजत घट्ट होई आणि सांधा जलाभेद्य बने. एवढ्या कष्टाने केलेला सांधा एका कडक थंडीने उकलावा, हे परवडणारे नव्हते. रॉलिन्सनने यावर उपाय असा केला की, खालच्या घरातील सर्व शेकोट्यांची धुराडी भिंतीतून बाहेर न काढता त्याने ती टाकीच्या मध्यातून वर नेली. रखवालदाराच्या बायकोने सकाळी चहासाठी विस्तव पेटवावा, त्याचा धूर टाकीतून वर चढावा, आणि जाता जाता पाण्याला गोठण्यापासून वाचवावे, अशी ही योजना होती. मनोऱ्यात मनुष्य राहतो म्हणून पाणी सुरक्षित आणि पाणी राखायचे म्हणून मनुष्याला घर, हा परस्परावलंबनाचा धागा इतक्या साधेपणाने गुंफलेला दुसरा नमुना माझ्या तरी पाहण्यात नाही. पुढील काळातील पुष्कळ रूपांतरकारांना जे साधले नाही ते येथे सहज साधलेले आहे, आणि त्याचे रहस्य इतकेच की घर ही मागाहून सुचलेली गोष्ट नव्हती.

टाकीच्या वजनाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक इंग्रजी गॅलन पाणी म्हणजे सुमारे साडेचार किलो. तेव्हा ३२,००० गॅलनांचे वजन १४५ टनांच्या घरात जाते, आणि त्यात टाकीचे बीड अजून धरलेलेच नाही. हा सारा भार विटांच्या भिंतींनी डोक्यावर घेऊन पायापर्यंत उतरवायचा. वीट आणि चुना यांची जोडी या कामाला फार चांगली, कारण दाब सोसण्यात ती कधी कुचराई करीत नाही; तिला वावडे आहे ते ताणाचे. म्हणून अशा मनोऱ्याच्या भिंती तळाशी जाड ठेवून वर जाताना टप्प्याटप्प्याने अर्ध्या अर्ध्या विटेने कमी करीत जातात, आणि दारे-खिडक्या कमानींनी लहान राखतात, जेणेकरून भाराचा ओघ कोठेही खंडित होऊ नये. येथे एक गोष्ट अशी आहे की जी प्रथमदर्शनी उलटी वाटते. टाकी भरलेली असताना मनोऱ्याला वाऱ्याचे भय कमी असते आणि ती रिकामी असताना अधिक. कारण वादळाचा वारा मनोऱ्याला एका बाजूला कलवू पाहतो तेव्हा वाऱ्याच्या अंगाची भिंत ताणात येऊ लागते, आणि तो ताण दडपून टाकण्याचे काम डोक्यावरचे पाणीच करीत असते. सेवेतून निवृत्त झालेला मनोरा म्हणून केवळ रिकामा होत नाही, त्याच्या स्थैर्याचा एक आधारही नाहीसा होतो. दुसऱ्या बाजूने पाहता, शेकडो टन वागविण्यासाठी घातलेल्या पायाला चार तक्तपोशीचे मजले, थोडे सामान आणि एक कुटुंब यांचे ओझे ते काय! विटांचा जलमनोरा घर होण्यास बलाच्या दृष्टीने इतका योग्य का ठरतो, याचे उत्तर या जमाखर्चात आहे.

ॲपलटनची कोनशिला बसली त्याच १८७७ साली बर्लिन शहराच्या प्रेन्झलाउअर बेर्ग भागात एक याहून कितीतरी स्थूल असा विटांचा वर्तुळाकार मनोरा पुरा झाला. हेन्री गिल या इंग्रज स्थापत्यविशारदाच्या देखरेखीखाली तेथले जलखाते आधीपासून काम करीत होते. या मनोऱ्यातही वर टाकी आणि तिच्याखालच्या मजल्यांवर जलखात्याच्या यंत्रकामगारांची बिऱ्हाडे, अशीच रचना केलेली होती. वर्तुळाची वाटणी मध्यातून कडेकडे केल्यामुळे तेथील खोल्या आत निमुळत्या आणि बाहेर रुंद होत गेल्या आहेत. मनोऱ्याने पाणीपुरवठ्याचे काम १९५२ पर्यंत केले; ते काम थांबले, पण बिऱ्हाडे हलली नाहीत, आणि आजही त्या खोल्यांतून लोक राहतात. या जागेच्या इतिहासातील एक काळे पान मात्र झाकून ठेवता येत नाही. १९३३ साली नाझी सत्तेवर येताच त्यांच्या सशस्त्र पथकाने मनोऱ्याशेजारच्या यंत्रशाळेचा ताबा घेऊन तेथे विरोधकांना डांबले, छळले आणि ठार मारले. ती यंत्रशाळा पुढे पाडण्यात आली, आणि तेथे आज जी बाग आहे तिच्यात या बळींचे स्मारक आहे. ज्यांच्या खिडक्या या बाजूला उघडतात त्यांचे जीवन इतर शेजारपाजाऱ्यांसारखेच चालते, आणि चालावेही. परंतु जुन्या इमारतीत राहायला जाणारा मनुष्य तिच्या भिंतींबरोबर तिचा इतिहासही भाड्याने घेतो, हे येथे विसरता येत नाही.

विसाव्या शतकात या मनोऱ्यांचे दिवस पालटले. विजेचे पंप आले, ज्यांना कोळशाच्या बचतीची पर्वा नव्हती आणि मागणीप्रमाणे वेग कमीजास्त करणे ज्यांना सोपे होते. प्रबलित काँक्रीटच्या मोठ्या टाक्या आल्या. लहान लहान गावांचे आणि संस्थांचे स्वतंत्र पाणीपुरवठे मोडून ते प्रादेशिक जलमंडळांना जोडले गेले. पाण्याच्या खात्याला उपयोग नाही आणि पाडायला पैसा पडतो, अशा अवस्थेत पुष्कळ मनोरे कबुतरांच्या हवाली झाले. रिकामी इमारत किती लवकर ढासळते याची कल्पना ज्याने आपल्याकडचा एखादा ओसाड वाडा पाहिला आहे त्याला असेल: पन्हळ तुंबते, पाणी भिंतीत मुरते, चुना सुटतो, तड्यात पिंपळ रुजतो आणि मग विटा निखळतात. इंग्लंडात पिंपळ नाही, पण त्याचे काम करायला आयव्हीची वेल आणि हिवाळ्यातले बर्फ आहे.

लंडनच्या केनिंग्टन भागात रेनफ्रू रोडवर असाच एक मनोरा उभा होता. तोही १८७७ चाच. व्हेनिसच्या गॉथिक शैलीची आठवण देणाऱ्या त्याच्या कमानी आणि सुमारे शंभर फूट उंची पाहून तो एखाद्या श्रीमंत सरदाराच्या हवेलीचा भाग असावा असे वाटते, पण वस्तुतः तो लँबेथच्या वर्कहाउसला पाणी पुरवीत असे. वर्कहाउस म्हणजे निराधारांना कष्टाच्या मोबदल्यात अन्न आणि छप्पर देणारी, आणि त्यासाठी पतिपत्नींची व मायलेकरांची ताटातूट करणारी ती कुप्रसिद्ध इंग्रजी संस्था. १८९६ साली अवघ्या सात वर्षांचा चार्ली चॅप्लिन आपली आई हॅना आणि सावत्र भाऊ सिडनी यांच्यासह याच वर्कहाउसात दाखल झाला होता. दरवाजातून आत येताच आईला एकीकडे आणि मुलांना दुसरीकडे नेण्यात आले. त्या वर्कहाउसच्या कचेरीच्या इमारतीत आज चित्रपटांचे संग्रहालय आहे, हा योग मोठा उचित आहे. मनोरा मात्र वर्कहाउसनंतर आलेल्या इस्पितळाच्या काळातून कसाबसा तग धरून, रिकामा आणि पक्ष्यांच्या विष्ठेने भरलेला असा उरला. २००८ साली त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याचे राहत्या घरात रूपांतर झाले. या कामात दोन गोष्टी विचारपूर्वक केल्या गेल्या असे मला वाटते. जुन्या मनोऱ्याच्या पोटात उद्वाहन बसविण्याकरिता त्याची कापाकापी न करता उद्वाहनाचा स्वतंत्र नवा स्तंभ शेजारी उभारून तो मनोऱ्याला जोडण्यात आला. आणि माथ्यावरची धातूची टाकी भंगारात न देता जागच्या जागी ठेवून तिलाच चहूकडे दृष्टी टाकणाऱ्या खोलीचे रूप देण्यात आले. नव्याने नवे दिसावे आणि जुन्याने जुने, दोहोंनी एकमेकांचे सोंग घेऊ नये, हे वास्तुसंरक्षणाचे तत्त्व आहे, आणि येथे ते नीट पाळले गेले आहे.

असे घर करणे हे दिसते तितके सोपे काम नव्हे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. पहिली अडचण उजेडाची. भाराच्या सोयीसाठी खिडक्या लहान ठेवलेल्या, भिंती हात-दोन हात जाड. नवी खिडकी पाडावी तर संरक्षित वास्तूच्या खात्याकडे अर्ज करावा लागतो आणि ते खाते सहसा राजी होत नाही, आणि नाही झाले तर त्याला दोष देता येत नाही. दुसरी अडचण जिन्याची. एका मजल्यावर एक खोली, अशी ही उभी गृहरचना. स्वयंपाक एका मजल्यावर, जेवण दुसऱ्यावर, निजणे तिसऱ्यावर, आणि विसरलेला चश्मा नेहमी चौथ्यावर. त्यात आग लागली तर खाली उतरायला एकच वाट, म्हणून अग्निशमनाचे अधिकारी बंद जिना, धूर अडविणारे दरवाजे आणि पाण्याचे आपोआप सुटणारे फवारे यांचा आग्रह धरतात. तिसरी गोष्ट भिंतीची. जुनी वीट आणि चुना हे ओलावा शोषतात आणि कोरड्या हवेत तो परत सोडतात. या येण्याजाण्यावरच त्यांचे आरोग्य अवलंबून असते. एखाद्या उतावळ्या मक्तेदाराने विटांच्या सांध्यांच्या दरजा सिमेंटने भरल्या तर ओलावा सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, तो विटेतूनच वाट काढतो, आणि पहिल्याच कडक हिवाळ्यात विटांचे दर्शनी कवच पापुद्र्यांनी सुटू लागते. दरजा चुन्यानेच भरल्या पाहिजेत. जुना सांधा हातछिन्नीने इंच-सव्वा इंच खोल खरडून, आतली धूळ झाडून, विटा पाण्याने चिंब करून, मग चुना दाबून बसवायचा आणि काही दिवस तो ओल्या तरटाखाली झाकून ठेवायचा, हे संथ काम जो गवंडी मनापासून करतो त्याच्यावर मनोऱ्याचे पुढले शतक अवलंबून असते. आणि शेवटची गोष्ट अशी की, ज्या इमारतीने आयुष्यभर खालच्या घरांना पाण्याचा दाब पुरविला तिच्याच वरच्या मजल्यांवर आता नळाचे पाणी आपल्या जोराने चढत नाही. शहराच्या नळातील दाब तेवढा नसतो. तळाशी विजेचा पंप बसवावा लागतो, तेव्हा वर स्नान घडते.

सर्वच मनोऱ्यांनी घर व्हावे असे मात्र मला म्हणावयाचे नाही, आणि कोल्चेस्टरचा जंबो हा त्याचा सर्वांत सबळ दाखला आहे. ब्रिटनमधील सर्वांत जुन्या रोमन वेशीच्या अगदी लगत १८८३ साली पुरा झालेला हा मनोरा १३१ फूट उंच आहे. सुमारे साडेबारा लाख विटा त्याला लागल्या, आणि त्याच्या टाकीत २,३०,००० गॅलन पाणी मावत असे, म्हणजे हजार टनांहून अधिक. त्याच सुमारास लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला जंबो नावाचा लोकप्रिय हत्ती बार्नम या अमेरिकन सर्कसवाल्याला विकला गेल्याने इंग्लंडभर हळहळ व्यक्त होत होती. मनोऱ्याच्या सावलीत ज्यांचा बंगला झाकोळला गेला त्या जॉन अर्व्हाइन नामक धर्मोपदेशकांनी संतापाने त्याला हे हत्तीचे नाव दिले, आणि शहराने ते इतक्या प्रेमाने उचलले की पुढे मनोऱ्याच्या माथ्यावरच्या वातकुक्कुटाच्या जागी हत्तीच बसला. ॲपलटन आणि जंबो यांत भेद असा की, जंबोला पोट नाही. विटांच्या चार प्रचंड पायांवर कमानी, त्यांवर टाकी, मध्ये जिन्याचा स्तंभ, आणि या सर्वांमधून आरपार दिसणारे आकाश, हेच त्याचे सौंदर्य आहे. जलखात्याने तो खाजगी मालकीत दिल्यानंतर त्यात सदनिका आणि उपाहारगृहे करण्याचे मसुदे वारंवार पुढे आले. त्यांत पायांमधली मोकळी जागा मजल्यांनी आणि काचेने भरून काढण्याची कल्पना होती, आणि ती वारंवार नामंजूर झाली. रिकामा मनोरा वर्षानुवर्षे तसाच पडून राहिला यासाठी कोल्चेस्टरच्या नियोजन अधिकाऱ्यांवर टीका झाली. परंतु माझ्या मते त्यांचा निर्णय योग्य होता. ज्या इमारतीचा प्राण तिच्या पोकळीत आहे तिची पोकळी भरून तिला वाचविले असे म्हणणे हे खरे वाचविणे नव्हे.

मोठ्या मनोऱ्यांना दुसराही मार्ग उपलब्ध असतो. कोलोन शहरात जॉन मूर या इंग्रजाने १८६८ ते १८७२ या काळात बांधलेला अवाढव्य वर्तुळाकार मनोरा दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झाला आणि पुढे दीर्घकाळ तसाच राहिला. १९९० साली आंद्रे प्युतमाँ या फ्रेंच कलावतीने केलेल्या अंतर्गत सजावटीसह त्याचे हॉटेल म्हणून उद्घाटन झाले. सफोकच्या किनाऱ्यावरील थॉर्पनेस या गावी तर १९२३ साली उलटाच प्रकार घडला: तेथे विश्रांतिग्रामाच्या मालकांना उघडी टाकी डोळ्यांना खुपू लागली, म्हणून तिला लाकडी फळ्या, छप्पर आणि खिडक्या यांचा वेष देऊन झाडांच्या वर तरंगणाऱ्या घराचे रूप दिले, खालच्या मनोऱ्यात माणसे राहू लागली, आणि पाणी चढविण्यासाठी शेजारी एक जुनी पवनचक्की आणून उभी केली. १९७९ साली टाकी काढून टाकण्यात आली आणि वरचे लटके घर खरे घर झाले.

ॲपलटनकडे परत येऊ. रखवालदाराची नोकरी संपली, पाणीपुरवठ्याचे काम दुसरीकडे गेले, आणि मनोरा जीर्ण होऊ लागला, तेव्हा तो लँडमार्क ट्रस्ट या धर्मादाय संस्थेने हाती घेतला. जॉन स्मिथ आणि त्यांच्या पत्नी क्रिस्टियन यांनी १९६५ साली स्थापन केलेल्या या संस्थेचा शिरस्ता साधा आहे: कोणी विचारीत नाही अशा लहान ऐतिहासिक वास्तू मालकीने वा भाडेपट्ट्याने घ्यायच्या, जुन्या पद्धतीने दुरुस्त करायच्या, आणि थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी कोणालाही भाड्याने द्यायच्या, म्हणजे त्या भाड्यातूनच त्यांची देखभाल चालते. या पद्धतीचे मोल शेजारच्याच एका उदाहरणाने कळते. मनोऱ्यापासून जवळच ॲपलटन हाउस नावाचा वाडा होता. एडवर्डने तो १८९६ साली आपल्या कन्येला, मॉडला, लग्नाची भेट म्हणून दिला, ती पुढे नॉर्वेची राणी झाली, आणि तिचा मुलगा, नॉर्वेचा राजा पाचवा ओलाव, याचा जन्म १९०३ साली त्याच वाड्यात झाला. एवढा लौकिक असूनही तो वाडा दीर्घकाळ वापराविना राहिला आणि १९८४ साली पाडण्यात आला. पाण्याच्या टाकीचा मनोरा उभा आहे.

ज्या वाचकांना इंग्लंडला जाण्याचा योग येईल त्यांनी लंडनचे राजवाडे पाहून झाल्यावर एखादा दिवस नॉर्फोकसाठी राखून ठेवावा. ॲपलटनच्या मनोऱ्यात मुक्काम करावयाचा तर जागा पुष्कळ आधी राखून ठेवावी लागते, पण तेथे उतरलेल्या पाहुण्याला टाकीवरच्या गच्चीपर्यंत जाता येते आणि हवा स्वच्छ असली तर वॉशच्या आखातापर्यंत नजर पोहोचते. बर्लिनचा मनोरा बाहेरूनच पाहावा. आत लोकांची घरे आहेत.